लिहायची इटालियन

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी नातीचा फोन आला. एरवी ती व्हिडिओवर येते, खिडकीतून दिसणारा रस्ता दाखवते, आज काय रांधलं ते दाखवते. त्या दिवशी नुसताच आवाज. काहीतरी बिनसलंय हे लगेच कळलं. (इतकी वर्षं वर्गात काढल्यावर एवढं तरी कळायलाच हवं.)

तर झालं होतं असं. ती उत्तर इटलीतल्या एका विद्यापीठात जुन्या कलावस्तूंच्या जतनाचा अभ्यास करते. शिकवणं सगळं इटालियनमधून. जायच्या आधी दीड वर्ष क्लास लावून भाषा शिकली, प्रवेशासाठी लागणारी बी-टू पातळीची परीक्षा पास झाली. आता तिथे दुसरं वर्ष चालू आहे. घरमालकिणीशी गप्पा मारते, भाजीवाल्याशी घासाघीस करते. पण पंधरा पानी निबंध लिहून दिला, तो सरांनी लालभडक करून परत पाठवला. कुठे 'हे बोलणं झालं, लेखन नाही', कुठे 'हे दोन विचार एका वाक्यात का?', कुठे क्रियापदाचं रूप चुकलेलं. मत, शंका, इच्छा सांगताना इटालियन क्रियापद एक वेगळंच रूप घेतं. त्याला 'कोंजुंतीवो' म्हणतात म्हणे. बोलताना ते चुकलं तर कुणी फारसं मनावर घेत नाही, लिहिताना चुकलं की संपलं!

"आजी, मला वाटलं होतं मला इटालियन येतं," ती म्हणाली. "आता मी सरळ इंग्रजीत लिहिणार आणि मशीनकडून इटालियन करून घेणार. सगळे तेच करतात."

मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. "बुधवारी फोन कर," एवढंच म्हटलं.

मंडळी, मला इटालियन येत नाही. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. इटलीचा इतिहास म्हणजे मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर, तोही परीक्षेत चार मार्कांच्या टिपेपुरता शिकवलेला. पण त्या तीन दिवसांत नेटवर आणि कपाटातल्या पुस्तकांत जे सापडत गेलं, त्यानं मी चकित झाले. इटालियन लिहिताना रडलेली माझी नात पहिली नव्हे. इटालियन लोकच या भाषेसाठी काही शतकं रडत आलेले आहेत.

आलेस्सांद्रो मान्झोनी घ्या. १७८५ साली मिलानमध्ये जन्मलेला, इटलीतला सगळ्यात मोठा कादंबरीकार मानला जाणारा माणूस. हा घरात बोलायचा मिलानची बोली, आणि विद्वानांशी पत्रव्यवहार फ्रेंचमधून. इटालियन त्याच्यासाठी पुस्तकातली भाषा होती. 'ई प्रोमेस्सी स्पोझी' ही त्याची कादंबरी १८२७ साली छापून पूर्ण झाली आणि खूप गाजली. दुसरा कुणी असता तर सुखानं बसला असता. हा मात्र त्याच उन्हाळ्यात बायकामुलांना घेऊन फ्लॉरेन्सला गेला. कशाला? तर तिथली सुशिक्षित माणसं रोज कशी बोलतात ते ऐकायला! फ्लॉरेन्समधून आर्नो नदी वाहते. आपले कपडे आर्नोत धुऊन काढायचे, अशी त्याची कल्पना. मग पुढची बरीच वर्षं त्यानं छापून झालेली स्वतःची कादंबरी शब्दाशब्दाने बदलली. सुधारलेली आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात भागाभागानं निघाली, स्वतःच्या पैशानं काढलेली, चित्रांसकट, आणि त्यात त्याला चांगलीच खोट बसली.

या कामात त्याला मदत केली एमीलिया लूती नावाच्या फ्लॉरेन्सच्या बाईंनी. या कुणी प्राध्यापक नव्हत्या, घरी राहून मुलांना सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या. मान्झोनी त्यांना विचारायचा, हे तुमच्याकडे कसं म्हणतात? पुढे कादंबरीची प्रत त्यांना भेट देताना त्यानं लिहिलं, की तुम्ही आर्नोत खळबळून दिलेल्या या चिंध्या स्वीकाराव्यात. मला ही गोष्ट फार आवडली. एवढा मोठा लेखक, आणि भाषा नीट करून घेतोय ती एका मुलांच्या बाईंकडून.

त्यानं केलेला एक छोटा बदल सांगते. 'तो' या अर्थी इटालियनमध्ये दोन शब्द आहेत, पुस्तकी 'एल्यी' आणि बोलण्यातला 'लुई'. मान्झोनीनं अनेक ठिकाणी 'एल्यी' काढून 'लुई' घातला. आणि गंमत बघा, मान्झोनीला डोक्यावर घेणाऱ्या शाळा पुढची शंभर वर्षं मुलांना 'एल्यी'च लिहायला लावत राहिल्या. नातीच्या निबंधातही एका 'लुई'भोवती लाल वर्तुळ आहे. आता बोला!

पण मुळात हा घोळ झाला कसा? दान्ते तर १३२१ सालीच वारला, महाकाव्य मागे ठेवून. मग भाषा घडायला आणखी पाचशे वर्षं का लागावीत? तर लिहायची भाषा कुठली हे ठरलं ते पुस्तकांवरून, माणसांवरून नाही. पिएत्रो बेंबो नावाच्या व्हेनिसच्या विद्वानानं १५२५ साली ग्रंथ लिहून सांगितलं, की कविता लिहायची तर पेत्रार्कासारखी, गद्य लिहायचं तर बोकाच्चोसारखं. हे दोघेही तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी मेलेले, तस्कनी प्रांताच्या भाषेत लिहिणारे. म्हणजे आज कुणी आपल्याला सांगावं, गद्य लिहा ते बखरीसारखंच! १५८३ मध्ये फ्लॉरेन्सला 'क्रुस्का' नावाची विद्वत्सभा सुरू झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा. पीठ वेगळं, कोंडा वेगळा, तसे चांगले शब्द आणि टाकाऊ शब्द वेगळे करायचे. चिन्ह काय, तर पीठ चाळायचं यंत्र. १६१२ साली त्यांचा मोठा शब्दकोश निघाला. ही संस्था आजही आहे.

आणि विद्यापीठात? तिथे तर इटालियनला दारच बंद होतं. व्याख्यान लॅटिनमध्ये, प्रबंध लॅटिनमध्ये. पादुआला अठरा वर्षं शिकवलेल्या गॅलिलिओनं दुर्बिणीतून दिसलेलं १६१० साली जगाला सांगितलं ते लॅटिनमध्येच. पण नंतर त्यानं मुद्दाम इटालियन धरली. १६१२ च्या एका पत्रात त्यानं कारण दिलंय, की मला हे सगळ्यांना वाचता यायला हवंय, ज्यांना विद्यापीठात जायला मिळालं नाही पण ज्यांच्याकडे बुद्धी आहे त्यांनाही. १६३२ चा त्याचा प्रसिद्ध 'संवाद' इटालियनमध्येच आहे. पुढे त्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या वर्गात मात्र इटालियन शिरायला आणखी शतकभर लागलं. नेपल्सला आंतोनियो जेनोव्हेझी यांनी १७५४ साली व्यापाराच्या नव्या विषयावर इटालियनमधून व्याख्यानं सुरू केली, तेव्हा ते अप्रूप होतं.

१८६१ साली देश एक झाला. त्या वेळी इटालियन बोलू शकणारे किती होते? तुल्लियो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञानं १९६३ साली हिशोब मांडला, शंभरात जेमतेम अडीच! नंतर १९८२ मध्ये दुसऱ्या एका विद्वानानं तो आकडा वाढवून दहाच्या आसपास नेला. दहा धरले तरी नव्वद उरतातच की. प्रत्येकाची बोली वेगळी, सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर, आणि डोक्यावर एक राष्ट्र. सरकारनं म्हाताऱ्या मान्झोनीला बोलावून विचारलं, आता काय करावं? त्यानं १८६८ साली अहवाल दिला : फ्लॉरेन्सची बोलती भाषा घ्या, तिचा कोश करा, शिक्षक तस्कनीतून आणा. त्यावर १८७३ मध्ये ग्राझियादियो आस्कोली यांनी हरकत घेतली. (हे आस्कोली मिलानला तौलनिक भाषाशास्त्र शिकवायचे, संस्कृतवरही त्यांचं काम आहे.) त्यांचं म्हणणं असं, की एका शहराची बोली वरून लादून भाषा होत नाही. पुष्कळ माणसं शिकू लागली, विचार करू लागली, एकमेकांसाठी लिहू लागली, की ती आपोआप तयार होते. मला विचाराल तर आस्कोली बरोबर होते. पण शाळा मात्र दोघांचंही न ऐकता तिसऱ्याच वाटेनं गेल्या.

ती वाट अशी : साधा शब्द खोडा, भारी शब्द लिहा. 'जाणे'साठी बोलण्यात 'आंदारे' आहे, तर निबंधात 'रेकार्सी' हवं. 'करणे'ला 'फारे' आहे, तर 'एफेत्तुआरे' हवं. एकच शब्द दोनदा आला तर चूक, मग त्यासाठी समानार्थी शब्दांची शोधाशोध. कादंबरीकार इतालो काल्व्हिनोनं १९६५ साली एका लेखात याची मस्त खिल्ली उडवली. एक साधा माणूस पोलिसात सांगतो, की मी सकाळी तळघरात शेगडी पेटवायला गेलो, तर तिथे दारूच्या बाटल्या सापडल्या. हवालदार टाइप करतो ते असं काही, की त्यात ना माणूस उरतो, ना शेगडी, ना बाटल्या. काल्व्हिनोनं या भाषेला नाव दिलं 'अँटिलिंग्वा', म्हणजे भाषेच्या विरुद्धची भाषा. हे वाचताना मला आपले पंचनामे आठवले. 'सदर इसम सदर ठिकाणी इसमांसह मिळून आला.' म्हणजे कोण, कुठे, कुणाबरोबर सापडला, शोधा तुम्ही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या गावाकडे येते.

फ्लॉरेन्सच्या उत्तरेला मुजेल्लो नावाच्या डोंगराळ भागात बार्बियाना म्हणून वस्ती आहे. विखुरलेली थोडीशी घरं, एक चर्च. १९५४ च्या डिसेंबरात दोन लोरेन्झो मिलानी या तरुण धर्मगुरूला वरिष्ठांनी तिथे पाठवलं. बदली कसली, शिक्षाच. ना रस्ता, ना वीज. ('दोन' हा आकडा नव्हे बरं, 'फादर'सारखी पदवी आहे.) मिलानी श्रीमंत, शिकल्यासवरल्या घरातले. त्यांनी पाहिलं, की शेतकऱ्यांची पोरं शाळेत नापास होतात ती भाषेपायी. मग चर्चच्या घरातच शाळा काढली. वर्षाचे ३६५ दिवस शाळा! मोठी मुलं लहानांना शिकवायची, सगळे मिळून वर्तमानपत्र वाचायचे, आणि एकाला एक शब्द कळला नाही तर कुणीच पुढे जायचं नाही.

त्यातली दोन मुलं पुढे शिक्षकाच्या शिक्षणक्रमाला गेली आणि नापास झाली. त्यावर बार्बियानाच्या आठ मुलांनी मिळून, मिलानींच्या देखरेखीखाली, नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. पत्र कसलं, पुस्तकच. 'लेत्तेरा आ ऊना प्रोफेस्सोरेस्सा'. मे १९६७ मध्ये ते छापून आलं, आणि २६ जूनला मिलानी कर्करोगानं गेले. वय ४४.

मी हे पुस्तक इंग्रजीतून वाचलं होतं, नोकरी लागून दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हा. कुणीतरी शिबिरात दिलं होतं. चाळीसेक पानं वाचून मी ते मिटलं, कारण त्यातली ती बाई मीच होते.

धुळे जिल्ह्यातल्या एका गावात मी तेव्हा मराठी शिकवत होते. मुलं घरी अहिराणी बोलायची. सातवीत एक मुलगा होता, गुरं राखून शाळेत यायचा. 'मला पडलेले स्वप्न' असा काहीतरी विषय मी दिला होता (आम्हा शिक्षकांना हेच विषय सुचतात). त्यानं स्वप्नबिप्न सोडून म्हैस व्यायली त्या रात्रीबद्दल दोन पानं लिहिली. मी ती वाचली नाही. म्हणजे डोळ्यांखालून घातली, पण शोधलं काय, तर 'माले'. प्रत्येक 'माले'वर लाल काट मारून वर 'मला' लिहिलं. चौदा काटा होत्या, मला आकडा लक्षात आहे, कारण वर्गात मी तो मोठ्यानं सांगितला होता. मुलं हसली. त्यानंतर त्या मुलानं निबंध म्हणून कधी सहा ओळींच्या वर लिहिलं नाही. आठवीनंतर तो शाळेतच दिसला नाही. त्याला आणखीही कारणं असतील, घरची परिस्थिती होतीच. पण म्हैस कशी व्यायली ते मला आजही माहीत नाही.

असो. पुस्तक मी पुढे पूर्ण वाचलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. मिलानी काही 'मुलांना हवं तसं लिहू द्या' असं म्हणणारे नव्हते, हा गैरसमज पुष्कळांचा असतो. उलट, गरिबाच्या पोराला लिहायची भाषा अगदी नीट यायलाच हवी, नाहीतर त्याला कुणीही गुंडाळेल, असा त्यांचा आग्रह. फक्त ती शिकवायची त्यांची तऱ्हा निराळी. त्याच पुस्तकात मुलांनी ती सांगितली आहे.

प्रत्येकाच्या खिशात वही. काही सुचलं की टिपून ठेवायचं. मग एकेक विचार एकेका चिठ्ठीवर उतरवायचा, आणि चिठ्ठीच्या एकाच बाजूला लिहायचं. एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. दुबार आलेल्या काढून टाकायच्या. सारख्या विषयांचे ढीग करायचे, ती प्रकरणं. ढिगातून छोटे ढीग, ते परिच्छेद. मग प्रत्येक परिच्छेदाला नाव द्यायचा प्रयत्न करायचा. नाव देता येत नसेल तर समजायचं, की त्यात एक तर काहीच नाही, किंवा फार गोष्टी कोंबल्यात. नावं लावून क्रम ठरला की लिहायला बसायचं. लिहून झालं की कात्री आणि रंगीत पेन्सिली. कमीत कमी शब्दांत कोण सांगतो याची चढाओढ. जड शब्द काढा, एका वाक्यात दोन विचार असतील तर तोडा. आणि शेवटी बाहेरच्या माणसांना बोलावून वाचायला द्यायचं, शक्यतो फार न शिकलेल्यांना. त्यांना जे कळलं नाही ते पुन्हा लिहायचं.

चौदा काटांपेक्षा हे किती वेगळं आहे!

दोनच वर्षांनी, १९६९ साली, इटलीत कायदा झाला आणि कुठल्याही पाच वर्षांच्या माध्यमिक शाळेतून आलेल्यांना विद्यापीठाचं दार उघडलं. त्याआधी कुठल्या शाळेतून आलात यावर बरंच ठरायचं. आता कामगारांची, शेतकऱ्यांची मुलं आली, नोकरी करून शिकणारी आली. पदवीसाठी प्रबंध तर प्रत्येकाला लिहायचाच. तो लिहायचा कसा हे घरात सांगणारं कुणी नाही. अशा मुलांसाठी उंबेर्तो एको यांनी १९७७ साली एक पुस्तक लिहिलं, 'कोमे सी फा ऊना तेझी दी लाउरेआ', प्रबंध कसा लिहावा. हे तेच 'द नेम ऑफ द रोझ'वाले, पण ती कादंबरी नंतरची. ग्रंथालय लहान गावातलं आहे, वेळ कमी आहे, पैसे नाहीत, असा विद्यार्थी डोळ्यांपुढे धरून त्यांनी स्वतः आलेस्सांद्रिया या आपल्या गावच्या वाचनालयात तीन दुपारी बसून दाखवलं, की एवढ्यातसुद्धा किती सामग्री जमते. लिहिण्याबद्दलचा सल्ला तर थेट बार्बियानाचा भाऊ शोभावा असा. लांब वाक्यं नकोत, तुम्ही प्रूस्त नव्हे. कर्ता पुन्हा लिहावा लागला तर खुशाल लिहा. शब्द पहिल्यांदा वापराल तेव्हा त्याचा अर्थ सांगा, सांगता येत नसेल तर तो वापरू नका. उद्गारचिन्हं नकोत. (हे वाचून मी जरा वरमले!)

एवढं सगळं होऊनही तक्रार काही संपत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये इटलीतल्या सहाशे प्राध्यापकांनी सरकारला जाहीर पत्र लिहिलं, की विद्यापीठात येणाऱ्या मुलांना इटालियन लिहिता येत नाही, तिसरीतल्या पोराला शोभतील अशा चुका करतात. मुलं कुठली? इटलीत जन्मलेली, इटालियनच बोलणारी. दे माउरो त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, वारले होते. ते असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. मला मात्र त्या पत्राचा या क्षणी उपयोग होता.

बुधवारी नातीचा फोन आला. मी म्हटलं, "अगं, तुझे सर ज्यांच्याबद्दल सहाशे जणांनी तक्रार केली त्यांनाही अशाच काटा मारत असतील. ही कुणाचीच आईची भाषा नाही. मान्झोनीचीसुद्धा नव्हती." ती हसली. मग मी तिला मशीनबद्दल विचारलं, की ते तुझ्या इंग्रजीचं इटालियन करून देईल, पण एखाद्या परिच्छेदाला नाव देता येत नाहीये हे तुला कोण सांगणार? त्यावर ती गप्प बसली. पटलं म्हणून की आजीशी वाद नको म्हणून, माहीत नाही.

पण शनिवारी तिनं फोटो पाठवला. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. एकाच बाजूला लिहिलेल्या. दोन-तीन चिठ्ठ्यांवर मराठी अक्षर ओळखू आलं, तिथे तिला इटालियन सुचलं नसावं. वाचून दाखवायला बाहेरचं माणूस म्हणून तिनं घरमालकीणबाईंना पकडलं. त्या पाचवीपर्यंत शिकलेल्या, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. त्यांनी पहिल्याच पानाला थांबवून विचारलं, की या चित्रावरचा वॉर्निश काढला की ठेवला, ते सांग ना आधी! नातीचं म्हणणं, तो मुद्दा खरोखरच सातव्या पानावर पडला होता.

निबंध आता दुसऱ्यांदा दिलाय, पंधराची अकरा पानं झाली. एकाच गोष्टीवर ती अडली होती. स्वतःचं मत मांडताना एको म्हणतात 'आम्ही' लिहा, आणि तिच्या सरांना हवं कर्ता नसलेलं वाक्य, आपल्या 'असे दिसून येते'सारखं. तिनं एकोंचं ऐकलंय. सर काय म्हणतात ते पुढच्या आठवड्यात कळेल.